पेरभर वाळू

लघुग्रहावरची माती पृथ्वीवर कशी आणायची, हा माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय होता. साल शहात्तर, गाव सांगली, आणि वर्गात आम्ही मुली दोन. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "आणली का मग?" नाही आणली. ड्रॉइंगच्या कागदावर आणली फक्त. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही.

विषय मिळाला तो भांडणातून. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात सर एकेकाला विषय वाटत होते. कुणाला उसाच्या चरकाचे रूळ, कुणाला पाणी उपसायचा पंप, कुणाला गुऱ्हाळाचं धुराडं. माझी पाळी आली तेव्हा सरांनी वर न बघताच सांगितलं, "तुम्ही सुधारित चूल करा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सर, चूल मी घरी करते. ती शिकायला सातारा सोडून सांगलीला कशाला येऊ?" मागच्या बाकावर खसखस पिकली. सर म्हणाले, "मग तुम्हाला काय हवंय? आकाशातले तारे?" मी म्हटलं, "चालतील."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण सर वयानं तरुण होते आणि मनानं कोते नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक इंग्रजी मासिक माझ्यापुढं टाकलं. धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यावरची माती घेऊन परत येणारं यान कसं असावं, यावर परदेशातल्या काही लोकांनी लिहिलेलं होतं. सर म्हणाले, "अजून कुणी असं यान धाडलेलं नाही. चंद्रावरची माती रशियानं माणसाशिवाय आणली, तेवढंच. घ्या. आता माघार नाही."

माघार कोण घेतंय! त्याच वर्षी मार्चात मी धूमकेतू स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. सुट्टीला घरी गेले होते. पहाटे आबांनी हाक मारून अंगणात बोलावलं. पूर्वेला, उसाच्या शेंड्यांवर, पांढरी शेपटी पसरलेली. शेजारच्या घरातली म्हातारी म्हणाली, शेंडीचा तारा दिसला, आता काहीतरी वाईट होणार. आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "आणखी काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय आमचं?" 

आमचं गाव साताऱ्यापासून दहा-बारा मैलांवर, कृष्णेच्या काठाला. घरी ऊस, आणि घरटी एक तरी माणूस पलटणीत. आबा हवालदार म्हणून रिटायर झालेले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांच्या मागून भरती झाला आणि एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या सरहद्दीवर पडला. अग्नी तिथंच दिला. घरी तार आली आणि मागाहून त्याची ट्रंक. अस्थी वगैरे काहीच नाही. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या तुकडीतला एक जोडीदार सुट्टीवर जाताना वाट वाकडी करून आमच्याकडं आला. त्यानं सिगारेटचा एक गोल पत्र्याचा डबा आणला होता, कडेनं दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेला. दादाला जिथं अग्नी दिला तिथली वाळू. तो म्हणाला, "मावशी, मला हेच आणता आलं." फिकट, पिठासारखी बारीक वाळू, आणि तिच्यात राखेचे दोन-चार करडे कण. आईनं तो डबा देवघराच्या फळीवर ठेवला. तो तिथून कधी हलला नाही.

हे घरचं झालं. आता कॉलेजचं.

असल्या यानाचं डिझाइन करताना सगळं उलटं चालतं. घरातून निघताना आपण काय न्यायचं याचा विचार करतो. इथं परत काय आणायचं ते आधी ठरवायचं. मूठभर माती आणायची, तर तिला भांडं लागणार. भांडं हवेतून जळत खाली येणार, तर त्याला जाड ढाल लागणार. तेवढं ओझं तिथून उचलायला इंधन लागणार, आणि ते इंधन इथूनच न्यायचं, तर ते न्यायला आणखी इंधन. मुठीपासून सुरुवात करून मी आकडे मांडत गेले तेव्हा शेवटी वजन हत्तीएवढं झालं. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "मूठ लहान करा." चिमटीवर आले तेव्हा कुठं गणित जमलं.

धूमकेतूचं प्रकरण तर पहिल्या महिन्यातच बाजूला पडलं. तो बर्फाचा. आणेपर्यंत बर्फ वितळला तर हातात पाणी येणार, धूमकेतू नाही. तेवढं थंड ठेवणारं भांडं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मला त्या शेपटीचं फार वाईट वाटलं, पण करता काय? लघुग्रहावर भागवलं.

ऑगस्टमध्ये पेपरात आलं की रशियाच्या यानानं चंद्रावर भोक पाडून लांब नळीतून माती आणली, जशी थरावर थर होती तशीच. सरांनी लगेच मला कामाला लावलं. एका बादलीत त्यांनी माझ्या माघारी राख, विटांचा चुरा आणि वाळू असे थर भरून ठेवले आणि म्हणाले, "ह्यातला नमुना आणा." मी काय केलं असेल? बादलीत खालपर्यंत डाव घातला, चांगला घसघशीत नमुना काढला, ताटात ओतला, बोटानं पसरला आणि सरांपुढं नेऊन ठेवला. धान्य असो, डाळ असो, घरात आलेली वस्तू आधी ताटात पसरायची आणि निवडायची, ही जन्माची सवय.

सर ताटाकडं बघत राहिले. "ह्यात वर काय होतं आणि खाली काय होतं?"

"सगळं आहे की ह्यात," मी म्हटलं.

"सगळं आहे. पण आता काहीच सांगता येत नाही. पहिल्यांदा काय पडलं, मागून काय पडलं, ते तुम्ही ताटात ओतून पुसून टाकलंत."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या रागात मी पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये घालवले आणि नळी केली. पितळी, पेनाएवढी, शेंगेसारखी उभी उकलणारी. तळाला पातळ पत्र्याची पापणी, आत शिरताना उघडणारी आणि बाहेर येताना मिटणारी. बादलीत खुपसली, ओढली, उकलली. राख, वीट, वाळू, जशीच्या तशी. सर म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढंच यायचं, पण मला ते पुष्कळ होतं.

पण बादली जमिनीवर असते. लघुग्रहावर वजनच नाही. नळी खाली दाबली की यानच वर उडणार. नांगर चालतो तो बैलाचे पाय जमिनीला धरून असतात म्हणून. इथं बैल अधांतरी! ह्या एका ठिकाणी मी तीन आठवडे अडले. आणि सुटलं ते आबांमुळं.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा त्यांना सहज सांगितलं. आबा सातवी शिकलेले, पण पलटणीत जीपवरच्या तोफेवर होते. धक्का न देणारी तोफ ती. आबा तिला आरसीएल म्हणायचे. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आगं, सोपं हाय. आरसीएल गोळा म्होरं टाकती तवा मागनं तेवढाच झोत सोडती. म्हनून जीप जाग्यावर ऱ्हाती. तुझी नळी खाली मार आन् त्येच टैमाला तेवढंच वजन वर मार. यान हलतंय कशाला?"

मी वही ओढून लगेच आकृती काढली. मग म्हटलं, "आबा, हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी इचारलंस व्हय कवा? आन् मागं कुनी हुबं ऱ्हायाचं न्हाई, त्ये बी लिव्ह तुज्या वहीत. आमचा एक गडी भाजला हुता."

मी लिहिलं. रिपोर्टात ते वाक्य आहे अजून. तिथं मागं कोण उभं राहणार, असं सरांनी विचारलं नाही.

राहता राहिलं भांडं. नमुना आत गेला की तो कसा बंद करायचा? रबर थंडीत तडकतं. मी स्टीलचं भांडं केलं, मुठीत मावेल एवढं. तोंडाशी शिशाचं कडं आणि झाकणाला आतून धार. तीन बोल्ट आवळले की धार शिशात रुतते आणि हवासुद्धा आत-बाहेर होत नाही. एकच अडचण. एकदा दबलेलं शिसं परत उपयोगाचं नाही. झाकण काढलं की नवं कडं हवं. पहिल्या खेपेला आत तांदळाची पिठी भरून मी ते आठ दिवस पाण्याच्या बादलीत ठेवलं. उघडलं तर पिठी कोरडीठाक. मग नवं कडं बसवून ठेवलं. घरी सांगितलं तर आबांना त्या झाकणाचं फारच कौतुक. "म्हंजे एकडाव मिटलं की मिटलं," ते म्हणाले.

दिवाळीला घरी आले ती आष्ट्यावरून जाणाऱ्या एसटीत सगळा वेळ उभी राहून. पाय अवघडलेले. आईनं चहा दिला आणि आबा सोसायटीकडं गेल्याची खात्री करून माझ्यापुढं बसली.

"येक काम हाय तुज्याकडं," ती म्हणाली. "पर कुनाला बोलायचं न्हाई."

आबांनी ठरवलं होतं की डिसेंबरात दादाला पाच वर्षं पुरी होतील, त्या दिवशी डब्यातली वाळू माहुलीच्या संगमावर सोडायची. असलं घरात ठेवलं की गेलेल्याला गती मिळत नाही, असं भावकीतले लोक म्हणत होतेच. आईची ना नव्हती. तिला भीती दुसरीच होती.

आमच्या गावात दादा गेल्यापासून एक रीतच पडली होती. भरतीला निघालेला पोरगा आधी आमच्या घरी यायचा. आई डबा उघडायची, तो चिमूटभर वाळू कपाळाला लावायचा, अंगाऱ्यासारखी, आणि मग साताऱ्याची गाडी धरायचा. कुणाची आई यायची आणि पदराला बांधून न्यायची. मुलगा पलटणीत आजारी असला तर पाकिटातून धाडायची. नाही म्हणायचं कसं? आई म्हणाली, "दुसऱ्या वरसालाच डबा निम्मा झाला. आता निम्मा डबा कसा दावायचा लोकास्नी? मंग म्या घाटावरची वाळू आनली मूठभर. वर घातली. मंग पुन्यांदा सरली. पुन्यांदा घातली."

"किती वेळा?"

"आता मोजलंय व्हय? पाच-सा येळा आसंल." तिनं डोळ्याला पदर लावला. "त्यो संगमावर जायाचा आन् डब्यात समदी आपलीच वाळू आसली तर? माजं पोरगं ऱ्हायलंच कुटं मंग? तू त्या ताऱ्यावरची माती वळकायला शिकतीस न्हवं? मला येवढं सांग. त्यो हाय का त्यात, का समदा वाटून सपला?"

मला आधी रागच आला. खोटं कशाला बोलू? पाच वर्षं आम्ही सगळे ज्या डब्याला हात जोडत होतो, त्यात हिनं घाटावरची वाळू भरली! पण ओरडायला तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघून मिटलं. मग मनातल्या मनात हिशेब केला. दरवेळी निम्मी जाते आणि निम्मी भरते म्हटलं, तर निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. सहाव्या खेपेला काहीसुद्धा उरत नाही. 

आईनं डबा काढला, झाकण उघडलं आणि सूप पुढं ओढलं. ओतणारच होती.

"थांब!" मी एवढ्यानं ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "ओतू नको. हलवू पण नको."

कारण हिशेब चुकला होता. वाळू कुणी ढवळत नव्हतं. घेणारा वरून चिमूट घेई आणि आई वरूनच भरी. डबा फळीवरून हलत नव्हता. मी माझ्या ट्रंकेतून, आबांना दाखवायला आणलेली पितळी नळी काढली, स्पिरिटनं पुसली आणि डब्याच्या मधोमध सरळ खाली घातली, तळाला टेकेपर्यंत.   नळी ओढली, पांढऱ्या कागदावर ठेवली आणि उकलली.

वर काळी वाळू. आमची, कृष्णेची. तिच्याखाली लाल. परत काळी. परत लाल, पातळशी. पुन्हा काळी. आणि सगळ्यात खाली, बोटाच्या एका पेराएवढी, फिकट, पिठासारखी बारीक. तिच्यात राखेचा एक करडा ठिपका.

मी बोट ठेवून म्हटलं, "हा बघ दादा."

आई त्या कागदावर वाकली. हात लावला नाही. किती तरी वेळ नुसती बघत होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं. मी कागद बाजूला ओढला, नमुना भिजेल म्हणून. सवय!

मग मी विचारलं, "आणि ही लाल कुठली? तू लाल घातलीस?"

"म्या कशाला घालू? ती त्यांची," आई म्हणाली.

लाल कण बोटावर घेऊन हुंगला. हळद, तेल, ताक. तालमीतली माती. दादा दहाव्या वर्षापासून त्या मातीत लोळलेला. म्हणजे आबासुद्धा! शिस्तीचे भोक्ते आमचे हवालदारसाहेब, तेसुद्धा गुपचूप डबा भरत होते.

"तुला ठाऊक होतं?"

"डोळं हायत की मला."

"आणि आबांना तुझी काळी दिसली नसेल?"

"दिसली आसंल. ना त्यांनी इचारलं, ना म्या." तिनं नाक पुसलं. "त्यांनाबी काय बोलू नको. आता पोरगं संगमावर पोचतंय, मला येवढं बास."

नळीतली वाळू मी थर सांभाळून परत डब्यात सोडली. असं करणं म्हणजे आमच्या शास्त्रात पाप, पण तिथं शास्त्र कोण बघतंय?

डिसेंबरात आम्ही तिघंच माहुलीला गेलो. आबांनी भटजी नको म्हणून सांगितलं. एसटीत त्यांनी डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. संगमावर थंडी होती आणि पाण्यावरून वाफ निघत होती. त्यांनी धोतर खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरले, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिकडं तोंड केलं आणि डबा तिरपा करून थोडी थोडी वाळू तळहातावर घ्यायला आणि पाण्यात सोडायला लागले. काळी गेली. लाल गेली. परत काळी. त्यांचा चेहरा दगडासारखा. एखादं सरकारी काम उरकावं तसं ते करत होते, आणि ते माझ्या काळजाला लागलं. ह्या माणसाला काहीच कसं वाटत नाही?

आणि मग मला कळलं. त्यांना वाटत होतं की डब्यात दादाचं काही उरलेलंच नाही.

दुसरी लाल संपली. शेवटची काळी हातावर आली. आईनं माझा दंड धरला, पण मला आवरलं नाही.

"आबा, थांबा!" मी काठावरून ओरडले. "खाली दादा हाय!"

त्यांचा हात जागच्या जागी राहिला. "काय बोलतीस?"

"नळी घालून बघितलंय मी दिवाळीला. तळाला पेरभर तिथलीच वाळू हाय. कुणी शिवलेली न्हाई."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग आईकडं बघितलं. आईनं नुसती मान हलवली. त्यांनी डबा सरळ केला, डोळ्यांपाशी नेला, आत बघितलं. आणि हा माणूस, जो तार आली त्या दिवशी रडला नाही, त्या पाण्यात उभा राहून लहान पोरासारखा रडायला लागला.

"मला वाटलं, नुस्तं आपलंच ऱ्हायलंय," ते म्हणाले. "म्हनून म्हनलं, सोडून मोकळं व्हावं. खोटं कशाला पुजायचं घरात."

आई पाण्यात उतरली. लुगडं भिजत होतं, तिला भान नव्हतं. तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आवं, मंग आना माघारी," ती म्हणाली. "लय लांबनं आलाय त्यो."

गतीचं काय, भावकी काय म्हणेल, कुणी विचारलं नाही. आबांनी डब्याचं झाकण लावलं आणि काठावर येऊन डबा माझ्या हातात दिला.

"तुजं त्ये भांडं हाय न्हवं? एकडाव मिटलं की मिटलं? त्यात घाल. आता कुनी काडायचं न्हाई आन् कुनी घालायचं न्हाई. आमी दोगांनीबी."

सांगलीला परत आल्यावर मी ते केलं. वर्कशॉपमध्ये दुपारी कुणी नसताना पेरभर वाळू स्टीलच्या भांड्यात घातली, करड्या कणासकट. तीन बोल्ट पाळीपाळीनं आवळले. धार शिशात रुतताना बारीक कुरकुर ऐकू येते. ती थांबेपर्यंत आवळले. इकडं गावात आईनं देवघरापाशी पितळेच्या दोन वाट्या मांडल्या, एकीत घाटावरची वाळू आणि एकीत तालमीची माती. भरतीची पोरं तीच कपाळाला लावून जायला लागली. आता आई कुणापासून लपवत नव्हती, आणि नको कुणीच म्हणालं नाही.

परीक्षेत दाखवायला दुसरं भांडं करून ठेवायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण लेथवर चरकाच्या रुळवाल्यांची रांग लागलेली, परीक्षा तोंडावर, आणि माझी पाळी शेवटपर्यंत आली नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. वयस्कर, सभ्य गृहस्थ. नळी बघून खूश झाले. आबांच्या उलट्या वजनाचं चित्र बघून तर म्हणाले, "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, "वडिलांनी. ते हवालदार होते." ते हसले, पण बरं हसले. मग त्यांनी भांडं हातात घेतलं, कानापाशी नेऊन हलवलं. आत बारीक सळसळ झाली. मी दोन्ही मुठी आवळल्या.

"आठ दिवस पाण्यात ठेवलं आणि आतली पिठी कोरडी राहिली, असं तुम्ही लिहिलंय," ते म्हणाले. "आताही आत काहीतरी आहे. उघडा. कोरडं आहे का बघू."

"नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"उघडलं की कडं वाया जातं. दुसरं नाही माझ्याकडं."

"अहो, परीक्षा आज आहे. उद्या कडं कशाला हवंय तुम्हाला? उघडा."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. सर माझ्याकडं बघून खुणावत होते, उघडा म्हणून.  राग यावा असं वाटत होतं. रागात मला नेहमी बोलता येतं. पण राग आला नाही.

"सर, परत आणलेला नमुना आहे," मी म्हटलं. "तो उघडायचा नाही, असं ठरलंय."

परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, भांडं टेबलावर ठेवलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पहिला वर्ग हुकला. थोडक्यात हुकला, पण हुकलाच.

निकाल घेऊन घरी आले तेव्हा आबा अंगणात बसले होते. मी सांगितलं की मार्क कमी पडले.

"का? माजं वजन चुकलं का?"

"नाही आबा. ते त्यांना आवडलं. भांडं उघडून दाखवा म्हणाले. मी उघडलं नाही."

आबांनी हात धोतराला पुसले. मग हात पुढं केला. मी पिशवीतून भांडं काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी बोल्टांवरून अंगठा फिरवला, एक, दोन, तीन. घट्ट होते.

"ब्येस केलंस," ते म्हणाले आणि आत बघून हाक मारली, "आगं, ये भाईर. दोगंबी आलीत."